राजेश सबनीस आणि तक्रारवही

“पोरी, ह्यो राजेश सबनीस कोन हाय गं?”

सकाळी साडेदहाला इंदूआक्कांचा फोन आला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवलं होतं. ते बुडालंच.

राजेश सबनीस कोण हे मला चांगलं माहीत होतं. चाकणच्या एका मोठ्या कंपनीचा एचआर हेड. वय पंचेचाळीसच्या आसपास, निळा सूट, हातात टॅबलेट, दात पांढरेशुभ्र. इंदूआक्कांच्या कॅन्टीनच्या जेवणाबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं. अडचण एकच होती. तो जन्मालाच आलेला नव्हता. महिन्यापूर्वी एका दुपारी मीच त्याला वीस मिनिटांत तयार केला होता.

मी वेबसाइट बनवते. आधी आठ वर्षं हिंजवडीत नोकरी केली. त्यातला बराच काळ कंपनीच्या कॅबमध्ये बसून पुढच्या कॅबचा नंबर पाठ करण्यात गेला. मग नोकरी सोडून पिंपळे गुरवला घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं. माझे क्लायंट म्हणजे भोसरी ते चाकण पट्ट्यातले छोटे उद्योजक. कुणी स्प्रिंग बनवतं, कुणी लाकडी पॅलेट, कुणी पावडर कोटिंग करतं. यांना वेबसाइटची हौस नसते. कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या फॉर्मवर ‘वेबसाइट’ असा रकाना असतो आणि तो रिकामा सोडला की फॉर्म पुढं जात नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात.

इंदूआक्काही तशाच आल्या होत्या. त्यांच्या घरची जमीन एमआयडीसीत गेली. त्या जमिनीवर कंपनी उभी राहत होती तेव्हा आक्का बांधकामावरच्या लोकांना भाकरी-पिठलं करून द्यायच्या. कंपनी सुरू झाली आणि तिच्या कॅन्टीनचा ठेका आक्कांना मिळाला. आता त्यांच्या किचनमध्ये बावीस बायका होत्या. पण ती कंपनी आपला प्लांट दुसऱ्या राज्यात हलवणार होती. महिनाअखेर शेवटची पंगत. जवळच एक नवीन प्लांट सुरू होत होता, तिथला ठेका मिळाला तर बावीस चुली पेटत्या राहणार होत्या. नाही मिळाला तर बावीस जणी घरी. इतका साधा हिशोब होता.

आता राजेश कुठून आला ते सांगते. वेबसाइटवर एक भाग असतो, त्याला आम्ही टेस्टिमोनियल म्हणतो. म्हणजे जुन्या ग्राहकानं आपल्याबद्दल लिहिलेले चार चांगले शब्द, खाली त्याचं नाव, बाजूला फोटो. नव्या ग्राहकाला धीर यावा म्हणून. मी आक्कांच्या कंपनीच्या एचआर मॅडमना दोन ओळी मागितल्या. त्या म्हणाल्या, “जेवण छान असतं हो, पण व्हेंडरबद्दल लेखी काही द्यायचं नाही अशी पॉलिसी आहे.” दोन वेळा फोन केला, दोन्ही वेळा पॉलिसी आडवी आली. साइट तर लाइव्ह करायची होती. तेव्हा मी विचार केला, सगळेच लिहितात, आपणही लिहू. फोटोंच्या एका साइटवरून सुटातला माणूस घेतला, त्याला नाव दिलं आणि त्याच्या तोंडी वाक्य घातलं : ‘प्रत्येक घासात घरची आठवण! आमचे कर्मचारी बेहद्द खूश!’ आक्कांनी फोनवर साइट पाहिली होती. त्यांना वाटलं, असतील कुणी हापिसातले साहेब.

“आक्का, काय झालं?” मी विचारलं.

झालं होतं ते असं. नव्या प्लांटचे अॅडमिन हेड म्हणजे बर्वे साहेब. वीस वर्षं याच पट्ट्यात. इथले एचआर आणि अॅडमिनवाले सगळे एकमेकांना ओळखतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुठल्या कंपनीत संप होणार, कुठला बसवाला दारू पिऊन येतो, सगळं तिथं कळतं. बर्वे साहेबांनी राजेशचा फोटो ग्रुपवर टाकला आणि विचारलं, ‘हे सबनीस कुठल्या प्लांटला?’ कुणालाच माहीत नव्हतं. दहा मिनिटांत एकानं रावेतच्या एका दातांच्या दवाखान्याची वेबसाइट पाठवली. तिथं हाच माणूस ‘समाधानी पेशंट’ म्हणून हसत होता. मग बर्वे साहेबांनी सरळ आक्कांनाच फोन करून विचारलं.

मी आक्कांना खरं ते सांगितलं. फोनवर पलीकडं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. आक्कांनी कुणालातरी गॅस बारीक करायला सांगितलं.

मग म्हणाल्या, “आगं, म्या हरबऱ्यात सोडा टाकत न्हाई कधी. आन् तू मानूसच खोटा टाकलास व्हय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी लगेच लॅपटॉप उघडला आणि राजेशला साइटवरून काढला. पण साइटवरून काढला म्हणून बर्वे साहेबांच्या डोक्यातून थोडाच जाणार होता?

दुसऱ्या दिवशी मी चाकणला गेले. मोशी पार करायलाच तास लागला, तेवढ्या वेळात काय बोलायचं ते चार वेळा पाठ केलं आणि चार वेळा विसरले. बर्वे साहेब उंच, शांत, चष्मा कपाळावर सरकवलेला माणूस. त्यांनी समोरची खुर्ची दाखवली.

“साहेब,” मी म्हणाले, “राजेश सबनीस मीच.”

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“आक्कांना यातलं काही माहीत नव्हतं,” मी घाईनं पुढं बोलले. “नाव, फोटो, वाक्य, सगळं माझं. त्याची शिक्षा त्यांना नको.”

“बरं,” ते म्हणाले. “जेवण कसं होतं?”

“म्हणजे?”

“तुम्हीच राजेश ना? प्रत्येक घासात घरची आठवण वगैरे तुम्हीच लिहिलंत. मग जेवलात कधी तिथं?”

मी आक्कांच्या कॅन्टीनमध्ये एकदाही जेवले नव्हते. भेटायला गेले होते तेव्हा त्यांनी ताट वाढायला घेतलं होतं, मीच ‘मीटिंग आहे’ म्हणून निघून आले होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. माझं तर न खाताच खवखवत होतं.

“गुरुवारी कॅन्टीन कमिटी बसतेय,” बर्वे साहेब म्हणाले. “दोघं आम्ही मॅनेजमेंटचे, तिघं कामगारांचे. फोटोचं त्यांच्याही कानावर गेलंय. मी बाईंचं नाव यादीतून काढणार होतो. आता काढत नाही. पण गुरुवारपर्यंत काहीतरी खरं दाखवा.”

तो सोमवार होता.

घरी आल्यावर पप्पांना सगळं सांगितलं. माझे पप्पा पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रे दाबायच्या खात्यात होते, एकतीस वर्षं. माझ्या कामात ते एरवी लक्ष घालत नाहीत. लॅपटॉपवर बसून पोरगी नेमकं काय करते, हे त्यांनी विचारणंही सोडून दिलंय. पण कॅन्टीन म्हटल्यावर ते सरळ होऊन बसले.

“उद्या मी येतो,” ते म्हणाले. “तुला कॅन्टीनमधलं काय कळतंय?”

मंगळवारी दुपारी आम्ही दोघं आक्कांच्या कॅन्टीनमध्ये. पहिली शिफ्ट जेवायला बसली होती. मला वाटलं होतं, पप्पा आधी जेवण बघतील. ते थेट दाराशी गेले. तिथं खिळ्याला सुतळीनं एक जाड रजिस्टर टांगलेलं होतं, त्याला बॉलपेन बांधलेलं. पप्पांनी ते उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले.

“पप्पा, ती तक्रारवही आहे.”

“माहितीये मला. तू जेवून घे.”

मी जेवले. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. वांग्याचं भरीत, आमटी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. मी दोन भाकऱ्या खाते घरी, तिथं साडेतीन खाल्ल्या. राजेशनं लिहिलेलं निम्मं तरी खरं निघालं, पण आता त्याचा काय उपयोग?

समोर कामगारांच्या युनियनचे शेळके भाऊ बसले होते. बोलके गृहस्थ. मी मोबाइलचा कॅमेरा काढला आणि म्हणाले, “भाऊ, जेवणाबद्दल दोन शब्द बोलता का? आक्कांना नवीन ठेका मिळायला मदत होईल.”

“कोणाला, आक्काला? आक्कासाठी जीव देईन,” शेळके भाऊ म्हणाले. “पण कॅमेऱ्यावर न्हाई बोलणार.”

“का?”

“अहो ताई, तीन वर्षांनी अॅग्रीमेंट होतं आमचं, पगारवाढीचं. आमी आज म्हणलं कॅन्टीन एक नंबर हाय, तर मॅनेजमेंट तोच व्हिडिओ समोर ठेवंल. म्हणंल, ‘तुमीच तर खूश हाय, मग कॅन्टीनची मागणी कशाला?’ आमच्या युनियननं चांगलं हाय असं लेखी आजवर कशालाच दिलेलं न्हाई. पाण्याला सुद्धा न्हाई.”

आजूबाजूचे सगळे हसले. कुणीही कॅमेऱ्यासमोर आलं नाही. साहेब पॉलिसीमुळं चांगलं लिहीत नाहीत आणि कामगार अॅग्रीमेंटमुळं. आक्कांचं जेवण रोज शेकडो लोक चाटूनपुसून खात होते आणि त्याचा कागदावर कुठं मागमूस नव्हता. मी हात टेकले.

तेवढ्यात पप्पा ते रजिस्टर खिळ्यावरून काढून घेऊन आले आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

“हे घे तुझं ते टेस्टिमोनियल.”

“अहो पप्पा, सगळ्या तक्रारी आहेत यात!”

“वाच तर खरं.”

रजिस्टरला तीन रकाने होते. तक्रार, ठेकेदाराचं उत्तर, सही. उत्तरं आक्का स्वतः लिहायच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या गोल अक्षरात. मी वाचायला लागले.

‘सेकंड शिफ्टला भाकरी थंड मिळते.’ उत्तर : ‘मान्य. तवा जागेवर आणला. भाकरी इथंच थापू.’

पुढच्या आठवड्यात : ‘भाकरी गरम आहे, पण पुरत नाही.’ उत्तर : ‘मान्य. अजून एक बाई वाढवली.’

त्यानंतर : ‘भाकरीमुळे रांग लांब होते. जेवणाची सुट्टी रांगेत संपते.’ उत्तर : ‘तवे दोन केले.’

‘सोमवारी शेंगदाणा चटणी का नव्हती?’ उत्तर : ‘मिक्सर जळाला. आज पाट्यावर वाटली.’ त्याखाली दुसऱ्याच अक्षरात : ‘पाट्यावरची चांगली लागते. मिक्सर दुरुस्त करू नये.’

‘ठेचा लपवून ठेवतात. ओळखीच्या लोकांनाच देतात.’ उत्तर : ‘खोटं हाय. संपतो.’

मला हसू आवरेना. शेजारचे लोक माझ्याकडे बघायला लागले. पप्पा मात्र गंभीर होते.

“जेवण वाईट असलं ना, की लोक वही लिहीत नाहीत,” ते म्हणाले. “घरून डबा आणतात. आमच्याकडं दोन वर्षं एक ठेकेदार होता, त्याची वही कोरी करकरीत होती. जो सुधारेल अशी आशा असते त्यालाच माणूस तक्रार लिहितो.”

एकतीस वर्षांची नोकरी आणि हे वाक्य त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

पुढची पानं उलटली आणि एका ठिकाणी थांबले. ‘वरणात खडा लागला. दाढ दुखते.’ उत्तर मोठं होतं : ‘माझी चूक. ह्यांना दातवाल्याकडं मी सोता नेलं. डाळ आता दोन बाया दोनदा निवडतील.’

आक्का किचनमधून हात पुसत आल्या तेव्हा मी त्यांना माझा बेत सांगितला. वहीची वीस पानं फोटो काढून जशीच्या तशी वेबसाइटवर टाकायची. त्यांच्या उत्तरांसकट.

आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “आधी खोटं कवतिक टाकलंस. आता खऱ्या तक्रारी टाकतीस? मला ठेका मिळू नये आसं हाय का तुझ्या मनात?”

“आक्का, कौतुक कुणीही विकत घेतं. अशी उत्तरं कुणाला विकत मिळायची नाहीत.”

“आन् खड्याचं पान?”

“ते पहिलं.”

“न्हाई!” आक्कांचा आवाज एवढा चढला की रांगेतले लोक वळले. “त्या पानाची मला आजून लाज वाटती. माझ्या हातनं एकाची दाढ गेली आस्ती.”

त्यांची लाज खरी होती आणि मी महिन्यापूर्वीच खोटा माणूस उभा केला होता. मी कोणत्या तोंडानं त्यांना समजावणार? शेवटी पप्पाच बोलले.

“बाई, खडा तर आमच्याकडं पण लागायचा. ठेकेदार म्हणायचा, ‘घरी लागत नाही का?’ आम्हाला दातवाल्याकडं कधी कुणी नेलं नाही.”

आक्का पप्पांकडे वळल्या. मग पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, “टाका. पर माझं आक्षर लई वंगाळ हाय, ते जरा सुदरव.”

अक्षर मी सुधारलं नाही.

परवानग्या घ्यायच्या होत्याच. एचआर मॅडम म्हणाल्या, “तक्रारींबद्दल आमची पॉलिसी काहीच म्हणत नाही. फक्त कंपनीचं नाव आणि कामगारांचे टोकन नंबर झाकून टाका.” टोकन नंबर म्हणजे कामगाराचा कंपनीतला नंबर, तक्रारीखाली तोच लिहायची पद्धत असते. शेळके भाऊ तर खूशच झाले. म्हणाले, “तक्रारी खुशाल टाका. वीस कशाला, चाळीस पानं टाका. फक्त कवतिक दिसता कामा नये.” बुधवारी संध्याकाळपर्यंत साइट तयार झाली. जिथं राजेश हसत होता तिथं आता निळ्या बॉलपेननं लिहिलेली पानं होती. वर मी एकच ओळ लिहिली : ‘आमची तक्रारवही’. विशेषणं सगळी काढून टाकली. मला त्यांची सवय होती, त्यामुळं जड गेलं.

गुरुवारी आक्का नवी साडी नेसून आल्या आणि बर्वे साहेबांच्या कॉन्फरन्स रूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी. भिंतीवर मोठ्या स्क्रीनवर साइट उघडलेली. बर्वे साहेब एकेक पान पुढं सरकवत होते. भाकरीची तीन पानं झाली तेव्हा कमिटीतला एक जण खुदकन हसला. ठेच्याला दोघं हसले. मग खड्याचं पान आलं आणि आक्कांनी मान खाली घातली.

कमिटीत असेंब्ली लाइनवरची एक मुलगी होती. तिनं विचारलं, “ज्यांची दाढ दुखली त्यांचं पुढं काय झालं?”

“त्यो व्हय?” आक्कांनी मान वर केली. “रोज जेवतोय की. गेल्या आठवड्यात लिवलंय त्यानं, लोणचं कमी वाढता म्हणून.”

सगळी खोली हसली. बर्वे साहेबसुद्धा. मग ते माझ्याकडे वळले. “मॅडम, या वेळी जेवलात का?”

“साडेतीन भाकऱ्या, साहेब.”

“आणि वेबसाइटवर तक्रारी टाकायची कल्पना कुणाची?”

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, “हिच्या बापाची. हिला कळत न्हाई त्यातलं.”

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. आक्का रिसेप्शनच्या सोफ्यावर किचनमधल्या बायकांची नावं एकेक करून घेत होत्या. कुणाचा मुलगा दहावीला, कुणाची सासू अंथरुणाला, कुणाला चाकणबाहेर जाऊन काम करणं जमणार नाही. बावीसही नावं झाली. मी ऐकत होते आणि मला राजेशचे पांढरे दात आठवत होते. वीस मिनिटांच्या आळसापायी मी काय घालवायला निघाले होते, ते मला तेव्हा नीट कळलं.

दार उघडलं ते त्या असेंब्लीवाल्या मुलीनं. ती सरळ आक्कांपाशी आली.

“मावशी, आमच्याकडं पण वही टांगणार ना? आणि उत्तरं तुम्हीच लिहिणार ना? आमची तेवढीच अट आहे.”

आक्का म्हणाल्या, “लिवीन की.” आणि मग माझा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी रुतली.

नव्या प्लांटमध्ये जेवण सुरू झाल्याच्या पहिल्याच दिवशी वहीत तक्रार आली : ‘ठेचा संपला होता.’ पप्पांना सांगितलं तर म्हणाले, “चला, बसली घडी.”

नंतर महिन्याभरानं मी आक्कांना म्हणाले, “आक्का, माझ्याही वेबसाइटवर एक टेस्टिमोनियल हवंय. तुमच्या शब्दांत, तुमच्या अक्षरात.” त्यांनी वहीचं पान फाडून त्यावर लिहून दिलं. तीन रकाने आखून. मी ते तसंच टाकलंय, साइट उघडल्यावर सगळ्यात आधी तेच दिसतं.

तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय : ‘खोटा माणूस उभा केला होता. सांगितल्यावर काढला. न जेवता लिहिलं होतं. आता जेवून लिहिते.’

उत्तराचा रकाना त्यांनी माझ्यासाठी मोकळा ठेवला होता. त्यात मी एकच शब्द लिहिला : ‘मान्य.’ आणि खाली सही केली.

आता नवीन क्लायंटचा फोन आला की कामाचं बोलणं नंतर होतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मॅडम, तो खोटा माणूस कोण होता हो?” मी सगळं सांगते. ज्यांना ऐकून हसू येतं ते काम देतात. जे म्हणतात, “आम्हाला पण तसाच एक द्या ना,” त्यांना मी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर देते.